मागणी क्रमांक नऊ

पीठ मळून झालं होतं, चुलीवर तुरीची डाळ रटरटत होती, न्हावी येऊन बसला होता आणि ज्याच्या मांडीवाचून पुढचं काहीच होणार नव्हतं तो मामा अजून दिंडोरीतच होता.

“दिंडोरीत कशाला थांबला आता?” लंकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“चहाला,” सोमनाथ म्हणाला. “म्हणाला, दाजी, पाच मिनिटं.”

“सकाळपास्नं त्याची पाचच मिनिटं चालू हायेत. आपण नाशिकवरनं येऊन बट्ट्या वळाया बसलो, आन् हा अजून चहा पितोय.”

वणीच्या देवळामागे चिंचेच्या सावलीत सतरंज्या पडल्या होत्या. फेब्रुवारीतला रविवार. द्राक्षाचा हंगाम भरात असताना कोल्ड स्टोअरेजमधून आपल्याला सुट्टी मिळाली ही देवीचीच कृपा, असं सोमनाथ सकाळपासून दोनदा म्हणाला होता, आणि दोन्ही वेळा त्याचा फोन वाजला होता. त्याची अकरा महिन्यांची वेदिका आजीच्या, लंकाबाईंच्या, पायांवर बसून आपलंच जावळ मुठीत धरून ओढत होती. कानांमागे वळलेले, मधाच्या रंगाचे, झोपून उठलं की दुधाचा वास येणारे केस. आज ते उतरायचे होते. मांडीवर घेणार मामा, केस पदरात झेलणार आत्या. सोमनाथला बहीण नव्हती, म्हणून त्याच्या बायकोनं, निकितानं, परस्पर आपल्या शाळेतल्या तेजलला सांगून टाकलं होतं.

“मला पदर नाही हं काकू,” तेजल गाडीत बसतानाच म्हणाली होती. “ओढणी आहे. तुमच्या देवीला चालेल का विचारा. आमच्याकडे हे असलं काही नसतं, मला नुसतं सांगा कुठं उभं राहायचं.”

“तुझ्या बापानं माझ्या हातचा चहा काय कमी पिलाय? तेवढ्या नात्यावर ओढणी चालती.”

तेजलचे वडील झुंबर गुरुजी आणि लंकाबाईंचे यजमान पुंजा गुरुजी, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणत, यांनी जिल्हा परिषदेच्या नोकरीत सुरगाण्याला अकरा वर्षं शेजारी काढली होती. शाळा होतीच, पण त्याहून जास्त शिक्षकांची संघटना होती. लंकाबाईंच्या लेखी संघटना म्हणजे चहा. दहा माणसं येणार म्हणून निरोप यायचा आणि तीस यायची. मोर्चा निघाला की चहा, फसला की चहा, कुणाची बदली थांबली तर चहा आणि वर शिरा. नवरा निवृत्त झाला त्या दिवशी त्यांनी मोठं पातेलं माळ्यावर टाकलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी सुनेनं ते खाली काढलं.

निकिता तिसरीला शिकवायची ती शाळा खासगी, इंग्रजी माध्यमाची, बिनअनुदानाची. एप्रिल संपताना सगळ्या शिक्षिकांनी राजीनामा द्यायचा आणि जूनमध्ये नव्यानं रुजू व्हायचं, अशी तिथली रीत. मधला मे बिनपगारी. बाळंतपण जिचं तिनं निस्तरायचं. यंदा एकतीस जणींनी मिळून निवेदन दिलं आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायला दोघींना नेमलं, निकिता आणि तेजल. निकिताला अशासाठी, की शाळेच्या ऑफिसात तिचा धाकटा भाऊ शेखर होता. भाऊ काही बहिणीला नाही म्हणायचा नाही. संस्थेच्या साहेबांनी बोलणी करायला शेखरलाच पुढं केलं ते अशासाठी, की समोर त्याची बहीण होती. बहीण काही भावाला अडचणीत आणायची नाही. आपण फार हुशार आहोत, असं दोन्हीकडच्या लोकांना वाटत होतं.

बहीणभाऊ मात्र तीन आठवडे एकमेकांशी फक्त ‘गुड मॉर्निंग’ बोलत होते.

“माय, माझी अजून तीन जावळं हायेत बरं का,” किशोर न्हावी पेटी मांडीवर घेऊन म्हणाला. “एक तर पार गडाच्या पायथ्याला.”

“बट्टी खाऊन जा मग.”

“ती तर खाणारच हाय.”

*

शेखर दिंडोरीत चहा पीत नव्हता. टपरीसमोर गाडी उभी करून तो बॅगेतली दोन पाकिटं बघत होता. एक खाकी, एक पांढरं.

“काय बघतोस सारखं त्या बॅगेत?” मागच्या सीटवरून अंबूबाई म्हणाल्या. “वाळे आणलेस ना?”

“आणलेत, मम्मी.”

“झबलं, टोपी?”

“सगळं आहे.”

“मग चल की. लोक म्हणतील, मामाला वाळ्यांचं ओझं झालं.”

शुक्रवारी साहेब म्हणाले होते, बहिणीकडेच चाललायस ना, हातोहात दे. आधी खाकी दे, पोच घे. सगळे हसले की मग पांढरं. साहेबांची कामं अशीच व्हायची, हसतखेळत. कुणाला कधी ओरडताना शेखरनं त्यांना पाहिलं नव्हतं. ओरडायची वेळ आली की ते शेखरला पाठवायचे.

चिंचेखाली पोचला तेव्हा वेदिका उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहून तिनं दोन्ही हात पुढे केले. तीन आठवड्यांत ती उभी राहायला शिकली होती, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“या मामासाहेब,” सोमनाथ म्हणाला. “दिंडोरीचा चहा संपला वाटतं.”

“दाजी, आल्या आल्या नको.” तो वेदिकाला खांद्यावर घेऊन सतरंजीवर बसला. निकिता कांदा चिरत होती, तिनं मान वर केली नाही. शेखरला वाटलं, लवकर उरकावं. “तात्या, तुमच्या निवेदनाचं उत्तर आलंय. एक मागणी मान्य झाली.”

निकिताची सुरी थांबली. तात्या खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसत पुढे आले. “कुठली?”

“नऊ नंबर.”

“नऊ?” तेजल निकिताकडे वळली. “आपल्या आठच होत्या ना गं?”

“आठच.”

“नऊ आहेत,” शेखर म्हणाला. “वाचा तात्या, मसुदा तुमचाच आहे.”

त्यानं पुढे केलेलं खाकी पाकीट तात्यांनी उघडलं, चष्मा लावला. सोबत जोडलेली निवेदनाची झेरॉक्स उलटली आणि शेवटच्या पानावरची ओळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचायचे तशी, एकेक शब्द सुटा करून. “सुरगाणा व पेठ तालुक्यांच्या डोंगराळ भागात सेवा बजावणाऱ्या शिक्षकांस दर दोन हिवाळ्यांस एक...” इथं त्यांचा आवाज खाली आला. “घोंगडी.”

आधी सोमनाथ फुटला. मग किशोर. मग लंकाबाई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळल्या, त्यांचे खांदे हलताना मागून दिसत होते.

झालं होतं असं. पोरी म्हणाल्या, तात्या, तुमचा हात बसलेला आहे, तुम्हीच लिहा. तात्यांनी पेटीतली शहाऐंशी सालची फाईल काढली, जुन्या निवेदनाच्या कार्बन कॉपीवर पेन्सिलनं खाडाखोड करून नव्या आठ मागण्या बसवल्या आणि म्हसरूळच्या टायपिंगवाल्याकडे दिली. शेवटचं पान उलटायचं राहिलं. सह्यांचा कागद वेगळा होता. तो दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत स्टाफरूममधून फिरला. गुरुजींनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

“साहेब म्हणाले, देऊन टाका,” शेखर सांगत होता. सांगताना त्याला ते शुक्रवारी वाटलं होतं तितकं गमतीचं वाटत नव्हतं. “एकतीस घोंगड्या. बाकीच्या मागण्यांसाठी एकेकीनं सोमवारी केबिनमध्ये येऊन भेटावं. आणि पालकांच्या मीटिंगमध्येही ते हे वाचून दाखवणार आहेत.”

हसणं थांबलं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बेचाळीस निवेदनं लिहिली होती त्यांनी आयुष्यात, एकाही शब्दाला कुणी कधी बोट लावलं नव्हतं.

“ताई, पोच देतेस?”

“नंतर,” निकिता म्हणाली. वेदिका किरकिरायला लागली होती. तिनं तिला त्याच्याकडून घेतलं आणि गाडीकडे निघाली.

पत्र तात्यांच्याच हातात राहिलं. ते घेऊन ते चिंचेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून बसले.

*

गाडीचं दार अर्धं उघडं होतं. निकिता मागच्या सीटवर वेदिकाला पाजत होती आणि शेखर बाहेर, गाडीकडे पाठ करून, देवळाच्या कळसाला उद्देशून बोलत होता.

“ताई, एक अजून आहे.”

“काय, उशी?”

“चेष्टा नको ना. हे फक्त तुझ्यासाठी आहे.” त्यानं हात मागे करून पांढरं पाकीट आत सरकवलं.

तिनं एका हातानं ते उघडलं. म्हसरूळची नवी शाखा. समन्वयक. कायम नेमणूक, एप्रिलचा राजीनामा नाही. वेळ साडेसात ते एक. खाली तिच्या सहीची जागा आणि सहीच्या वर एकच वाक्य, की मी माझ्यापुरतं बोलते, इतर कुणाच्या वतीनं नाही.

“तू मागितलंस माझ्यासाठी?”

“नाही. पण नको पण नाही म्हटलं.”

एक वाजता. घर दहा मिनिटांवर. वेदिका दुपारची झोपते ती दीडला उठते, असं सासूबाई सांगायच्या. उठल्यावर आधी रडत नाही, पाळण्यात पडल्या पडल्या स्वतःशीच बडबडते. निकितानं ते फक्त रविवारी ऐकलं होतं. बाकीचे दिवस ती अकराच्या सुमाराला खेळाच्या सामानाच्या खोलीत जायची, दाराला आतून खुर्ची लावायची आणि लेझीमच्या ढिगाशेजारी बसून बाटलीत दूध काढायची. खाली नर्सरीत कुणाचंही मूल रडलं तरी तिचा कुर्ता ओला व्हायचा. तेजल बाहेर उभी राहून कुणी आलं तर खोकायची.

“ताई, घे ना. खरंच घे. दोन दिवस झाले, मी मनात हेच म्हणतोय. तुला एक वाजता घरी जायला मिळालं तर मला कुठं वाईट वाटणार आहे?”

“आणि बाकीच्या तीस?”

“त्यांचं साहेब बघतील एकेकीशी.”

“म्हणजे तू बघशील.”

वेदिकानं दूध सोडलं, आईच्या हातातला कागद पकडला आणि त्याचा कोपरा तोंडात घातला. निकितानं तो काढून घेतला नाही लगेच.

ती गाडीतून उतरली तेव्हा सोमनाथ समोर आला. तिनं कागद त्याच्या हातात दिला. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळत गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की उजळतोय.

“रोज एक वाजता?”

“रोज.”

“घे म्हणावंसं वाटतंय मला. खोटं कशाला बोलू. पण मी असं म्हटलं हे तेजलला सांगू नकोस.”

“सांगायची गरज नाही, सोमनाथ,” तेजल मागून म्हणाली. तिच्या हातात बट्ट्यांची परात होती. तिनं ती गाडीच्या बॉनेटवर ठेवली. रागावली आहे का हे निकिताला कळेना. “मी चिडणार नाही, निकिता. तुझ्या दारावर मीच उभी असते, मला माहितेय. फक्त जे काय ते आज सांग. उद्या बाकीच्यांसमोर मला कळू नये.”

“तेजल, मी अजून...”

“जावक क्रमांक!”

चिंचेच्या पलीकडून आरोळी आली. “जावक क्रमांक दोनशे चौदा! अरे, इकडे या सगळे!”

*

पुंजा गुरुजींना स्वतःची चूक चारदा वाचून झाल्यावर पाचव्यांदा साहेबांचं पत्र वाचावंसं वाटलं होतं. अपमानाचा कागदही वरपासून खालपर्यंत वाचायचा, ही त्यांची जुनी सवय.

“प्रति कोण लिहिलंय बघा. ‘प्रति, शिक्षक प्रतिनिधी.’ खाली काय? ‘आपल्या निवेदनातील मागणी क्रमांक नऊ मान्य करण्यात येत आहे.’ सही. शिक्का. आणि जावक क्रमांक!” ते उभे राहिले होते, टॉवेल खाली पडला होता. “तेजल, तीन आठवडे साहेब काय म्हणतायत?”

“प्रतिनिधी वगैरे इथं काही नाही. आपण सगळे एक कुटुंब आहोत.”

“मग हे पत्र कुणाला लिहिलं? कुटुंबाला जावक क्रमांक टाकतात का? निवेदन पोचलं, वाचलं, त्यावर निर्णय झाला आणि निर्णय प्रतिनिधींना कळवला. सगळं यांच्याच कागदावर. कोर्टात याचं वजन किती ते वकील सांगेल, मी सांगणार नाही. पण उद्या सकाळी हा कागद एकतीस जणींनी बघितला की एकही एकटी त्या केबिनीत जायची नाही. अगं, आम्हाला झेडपीकडून असा पहिला कागद मिळायला चार वर्षं लागली. तोही बिननंबरचा.”

“टाईप कुणी केलं?” सोमनाथनं विचारलं.

सगळ्यांनी शेखरकडे पाहिलं. त्याचा रंग उतरला होता.

“साहेब म्हणाले, गमतीत दोन ओळी लिहून दे. मी लिहिल्या. मग रजिस्टर काढलं आणि... सवयीनं.”

“कुणी लावली ही सवय?” लंकाबाई म्हणाल्या.

“मीच,” तात्या म्हणाले. अभिमान लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, जमला नाही. निकितानं भावाला ऑफिसात चिकटवलं तेव्हा दोन रविवार त्यांनीच त्याला बसवून शिकवलं होतं. नंबराशिवाय बाहेर पडला तर तो कागद नाही, चिठ्ठी.

“द्या इकडं ते,” शेखर पुढे आला. “पोच झालेली नाही अजून. पोच नाही म्हणजे पत्र दिलेलंच नाही.”

“बरोबर बोलतोय,” तात्यांना कबूल करावं लागलं.

“मग देऊन टाका ना, गुरुजी!” अंबूबाई मध्ये पडल्या. “पोराची नोकरी जाईल. गुरुवारी सटाण्याला पोरगी बघायला जायचंय. बायोडाटात ऑफिसर लिहिलंय आम्ही.”

“द्या म्हटलं ना,” लंकाबाईंनीही विहिणीची बाजू घेतली. “देवीच्या दारात पोराला काय अडवायचं. जावळ काढायला आलोय का मोर्चा?”

तात्या जागचे हलले नाहीत. तेव्हा निकितानंच वेदिकाला सोमनाथकडे दिलं, सासऱ्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि भावासमोर धरलं.

“घे. तुझं नुकसान करून मला काही नको. आणि हेही घे.” पांढरं पाकीट. कोपरा ओला होता. “यावर सही होणार नाही. मला एक वाजता घरी यायचंय, शेखऱ्या, फार यायचंय. पण जिचं जिचं लेकरू लहान आहे, त्या प्रत्येकीला यायचंय. सगळ्यांसाठी दिलं तर घेईन. तात्या, घोंगडी खोडा आणि नऊ नंबरला हे लिहा.”

“असं खोडता येत नाही गं,” तात्या गंभीरपणे म्हणाले. “नऊ मान्य झालीय. घोंगड्या घ्यायच्या. ही दहा.”

सोमनाथनं वेदिकाच्या डोक्यावर ओठ टेकले. शेखर दोन्ही पाकिटं धरून उभा राहिला. तेजलनं त्याच्याकडे नाही, निकिताकडे पाहिलं.

“पांढरं तुझं होतं, तू परत केलंस. खाकी तुझं आहे का?”

“तेजल, भाऊ आहे माझा.”

“मला कळतं. पण आत्ता तू म्हणालीस, एकटीनं काही घेणार नाही. मग एकटीनं द्यायचं कसं? ते पत्र एकतीस जणींच्या नावानं आलंय.”

निकिताचे डोळे भरून आले, आणि तेजलनं लगेच ओढणीचं टोक पुढे केलं, आणि मग केस झेलायची ओढणी ती, ओली करायची नाही म्हणून मागे घेतलं, आणि त्या दोघींनाही अगदी नको त्या वेळी हसू आलं.

“शेखर,” तात्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “एप्रिलमध्ये तू राजीनामा देतोस का रे?”

शेखर पाकिटांकडे बघत राहिला. “देतो.”

“म्हणजे?” अंबूबाई म्हणाल्या. “तू कायम आहेस ना?”

“बायोडाटात आहे, मम्मी.”

“आणि मे महिन्यात आमच्याकडं आंबे खायाला येऊन राहतोस तो?” लंकाबाईंनी विचारलं.

“बिनपगारी राहतो, मावशी.”

चुलीतलं लाकूड सरकलं. लंकाबाई विहिणीच्या शेजारी उभ्या होत्या, त्या एक पाऊल बाजूला झाल्या.

“मग तू तिकडनं कशाला बोलतोस रं?”

*

“मामा, बसता का आता?” किशोरनं वस्तरा उघडला. “उन्ह चढलं का पोर लय रडतं.”

शेखर पूर्वेकडे तोंड करून बसला. दोन्ही पाकिटं घडी करून शर्टाच्या खिशात कोंबलेली. निकितानं वेदिकाला त्याच्या मांडीवर दिलं, आणि त्या पोरीनं दोन्ही पाय पसरून, मामाची बोटं मुठीत धरून, असं अंग सोडून दिलं की जणू आता काहीही झालं तरी आपल्याला कुणी पाडणार नाही. एवढा विश्वास शेखरवर अजून कुणी टाकला नव्हता. सटाण्याच्या पोरीचे वडील तर नक्कीच टाकणार नव्हते.

तेजल ओढणी पसरून समोर उकिडवी बसली. “कुठं धरू?”

“हनवटीखाली. खाली पडू द्यायचा नाय हां एक बी,” किशोर म्हणाला आणि पाण्याचा हात वेदिकाच्या डोक्यावरून फिरवला. पहिली बट ओढणीत पडली. वेदिकानं ओठ काढले, सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि भोकाड पसरलं.

“झालं झालं, माझी सोनी,” निकिता खुळखुळा वाजवत होती. वेदिकापेक्षा तीच जास्त रडवेली झाली होती. “बघ, मामा आहे ना. मामानं धरलंय.”

शेखरचा फोन वाजला. समोर सतरंजीवर पडलेल्या फोनवर सगळ्यांना नाव दिसलं. साहेब.

त्याचे दोन्ही हात भाचीत अडकले होते. रिंग वाजत होती. अंबूबाईंनी देवळाकडे बघून हात जोडले.

“उचल, ताई,” तो म्हणाला. “कानाला धर.”

निकितानं फोन त्याच्या कानाला धरला. पलीकडून हसरा, मोकळा आवाज आला, इतका की आजूबाजूलाही पुसट ऐकू येत होता.

“नमस्कार, साहेब. हो, पोचलो... हो, जावळच चालू आहे, रडतेय ती... नाही साहेब. पांढऱ्यावर सही नाही केली.”

तो ऐकत राहिला. ऐकताना त्यानं वेदिकाचं कपाळ तळहातानं सावरून धरलं, कारण किशोर कानामागे आला होता.

“माझ्यासमोरच वाचलं तिनं. नको म्हणाली... खाकीची ना? खाकीची पोच घेतली, साहेब. दोघी प्रतिनिधींच्या सह्या आहेत.”

तात्यांनी खिशातून पेन काढलं होतं, ते त्यांच्या हातातून सुटलं.

“हो, नंबर टाकलाय... दोनशे चौदा. रजिस्टरला नोंद आहे... नाही साहेब, आता कशी खोडणार?” शेखरच्या कपाळावर घाम आला होता, निकितानं मोकळ्या हातानं तो पुसला. “एकेक नाही येणार त्या. सगळ्या एकदम येणार म्हणतायत... किती म्हणजे, एकतीस.” तो थांबला. मग म्हणाला, “बत्तीस, साहेब. मीही आहे.”

पलीकडे आता कुणी हसत नव्हतं.

“केबिनमध्ये मावणार नाहीत, साहेब. मी सकाळी लवकर येतो आणि हॉल उघडतो.”

फोन बंद झाला. निकितानं तो त्याच्या कानाला तसाच धरून ठेवला होता.

“कट झालाय, ताई.”

“माहितेय.”

“मग काढ ना हात.”

तिनं काढला नाही. अंबूबाई मटकन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “आणि गुरुवारचं?”

“जाऊ ना, मम्मी. खरं काय ते लिहून जाऊ.” मग त्यानं मान तशीच ताठ ठेवून हाक मारली. “तात्या, माझ्या खिशातलं खाकी काढा. मी आत्ता खोटं बोललोय, ते आधी खरं करा. ताईची सही घ्या, मग तेजल मॅडमची. तारीख घाला.”

तात्या पेन शोधत सतरंजीवर रांगत होते. तेजल म्हणाली, “मी कशी करू सही? माझ्या ओढणीत केस आहेत.”

“मी धरते,” लंकाबाई म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी ओढणीचं एक टोक आपल्या हातात घेतलं.

शेखर निकिताकडे बघायला वळला.

“ओ मामा, हलू नका,” किशोरनं त्याचं डोकं धरून सरळ केलं. “अजून निम्मं डोकं बाकी हाय.”